नवी एसएसडी आणि काळा पडदा

जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी बसवण्याइतका पैसा वसूल करणारा दुसरा खर्च नाही. तबकड्यांची हार्डडिस्क सेकंदाला जेमतेम शंभर-दीडशे एमबी वाचते, तेही फाइल सलग असेल तर. साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास जाते, आणि विखुरलेल्या बारीक फाइली वाचताना तर हा फरक कैक पटींनी वाढतो. हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय. लोक ऑनलाइन मागवतात, मुंबईला गेले तर लॅमिंग्टन रोडवरून आणतात, पुण्याला गेले तर तपकीर गल्लीतून. घरीच बसवतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या तालुक्याच्या गावातल्या दुकानात येऊन कॅबिनेट काउंटरवर ठेवतात. तक्रार ठरलेली: "नवी डिस्क खराब निघाली. बूटच होत नाही."

डिस्क खराब निघते, नाही असं नाही, पण क्वचित. बहुतेक वेळा ती धडधाकट असते आणि बटण दाबल्यापासून विंडोज उघडेपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी खोळंबा झालेला असतो. ती वाट चार टप्प्यांची आहे. मदरबोर्डवरचं बायोस डिस्क शोधतं. त्या डिस्कवरचा बूट लोडर उचलतं. बूट लोडर विंडोजला सुरू करतो. आणि शेवटी विंडोज आपल्या ड्रायव्हरने डिस्कचा ताबा घेतं. यातल्या कुठल्या टप्प्यावर काम अडलंय हे ठरल्याशिवाय काही करायचं नाही, एवढंच या धंद्यात मी शिकलोय. खालचे धडे त्याचाच विस्तार आहेत.

१. आधी पडद्यावरचं वाक्य वाचा

गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारतो, "पडद्यावर काय आलं होतं?" उत्तर येतं, "काहीतरी इंग्रजीत आलं होतं." त्या काहीतरीमध्येच निम्मं निदान असतं. म्हणून मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

पंखा फिरतोय आणि पडद्यावर एक अक्षरही नाही, तर डिस्कला दोष देऊ नका. डिस्क अजिबात नसली तरी बायोसचा पडदा दिसायलाच हवा. एसएसडी बसवताना रॅमला धक्का लागलेला असतो. ती काढून नीट दाबून बसवली की बहुतेकदा काम होतं. 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा त्याच अर्थाचं काही आलं, तर खोळंबा पहिल्या दोन टप्प्यांत आहे: बायोसला डिस्कच दिसली नाही, किंवा दिसली पण तिच्यावर सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही. 'तुमच्या पीसीला दुरुस्तीची गरज आहे' असा मजकूर आला तर बूट लोडर जागा आहे, त्याला विंडोज सापडत नाही. आणि 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणणारी निळी स्क्रीन आली तर तीन टप्पे पार पडून गाडी चौथ्यावर अडली आहे. निळी स्क्रीन पाहून लोक जास्त घाबरतात. मला मात्र काळ्यापेक्षा निळी केव्हाही बरी वाटते.

२. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का?

पुढचा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. कंपनीप्रमाणे डिलीट, एफ२ किंवा एफ१० दाबून बायोसमध्ये शिरा आणि डिस्कची यादी पाहा. नाव दिसत नसेल तर विंडोज दहा वेळा मारलं तरी उपयोग नाही. भानगड हार्डवेअरची आहे.

अडीच इंची साटा एसएसडी असेल तर डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही बदलून पाहा. जुन्या कॅबिनेटमधल्या साटा केबलींची खिट्टी तुटलेली असते आणि टोक अर्धवट बसतं. एम.२ पट्टी असेल तर ती तिरकी आत सरकवून मग खाली दाबायची आणि स्क्रूने आवळायची असते. तो स्क्रू चिमुकला असतो, हरवतो, आणि लोक त्याच्याशिवायच झाकण लावतात. मग पट्टी एका बाजूने वर उचलली जाते.

खरा घोळ एम.२ च्या दोन जातींचा आहे. २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब अशी ती पट्टी बाहेरून जवळपास एकसारखी दिसते, पण आतून ती साटा असू शकते किंवा एनव्हीएमई. काही खाचांमध्ये फक्त एक चालते, काहींत फक्त दुसरी, काहींत दोन्ही. पट्टी खाचेत बसली म्हणजे चालेलच, असं नाही. खरेदीआधी मदरबोर्डचं किंवा लॅपटॉपचं माहितीपत्रक वाचणं हाच उपाय. त्याच पत्रकात आणखी एक ओळ बारीक अक्षरात असते: एम.२ खाच वापरली तर अमुक क्रमांकाचा साटा पोर्ट बंद होईल. नवी पट्टी बसवली आणि जुनी हार्डडिस्क गायब झाली, तर ती मेलेली नसते. केबल शेजारच्या पोर्टला लावा, लगेच दिसते.

साधारण २०१४ च्या आधीच्या बहुतेक मदरबोर्डांना एनव्हीएमईवरून बूट कसं व्हायचं हेच माहीत नाही. अशा बोर्डावर अडॅप्टर लावून पट्टी बसवली तर विंडोजमध्ये ती साठवणीसाठी दिसते, पण तिच्यावरून मशीन सुरू होत नाही. तिथे सरळ साटा एसएसडी घ्यावी. कागदावर एनव्हीएमईचा वेग कितीतरी जास्त असला तरी हार्डडिस्कवरून आलेल्या माणसाला साटानेही तेवढाच आनंद होतो.

३. जुनी पद्धत की नवी, हे जुनी डिस्क काढण्याआधी लिहून ठेवा

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेल्या बायोसची बूट करण्याची एक रीत होती. पुढे डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत बूटचा छोटा प्रोग्रॅम आणि विभागांचा तक्ता ठेवायची पद्धत रूढ झाली. तिचं नाव एमबीआर. तिच्यात मुख्य विभाग जास्तीत जास्त चार आणि मोजता येणारी जागा साधारण दोन टीबी. यूईएफआय ही नवी व्यवस्था डिस्कवर जीपीटी तक्ता मागते आणि बूटच्या फाइली वेगळ्या छोट्या विभागात ठेवते. आपण बोलताना दोन्हीला बायोसच म्हणतो, पण त्यांचं एकमेकांशी पटत नाही. विंडोजला जुन्या पद्धतीने बूट व्हायचं तर एमबीआर डिस्क लागते, यूईएफआयने व्हायचं तर जीपीटी. जोडी चुकली की काळा पडदा.

म्हणून जुनी डिस्क चालू आहे तोवरच विंडोजमधलं 'सिस्टम इन्फर्मेशन' उघडा. तिथे 'बायोस मोड' पुढे 'लेगसी' लिहिलंय की 'यूईएफआय', ते कागदावर टिपून ठेवा. क्लोन केलेली डिस्क जुनीचीच पद्धत बहुधा घेऊन येते. अशात कुणी बायोसमध्ये शिरून जुन्या पद्धतीला मुभा देणारं 'सीएसएम' बंद केलं, तर जुन्या पद्धतीची डिस्क समोर असूनही बायोस तिच्याकडे बघत नाही. सीएसएम पुन्हा चालू करा, डिस्क बोलू लागते.

बदल करायचाच असेल तर विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचं साधन आलेलं आहे. ते डेटा न पुसता तक्ता बदलतं. बॅकअप तरी घ्याच. रूपांतर झालं की बायोसमध्ये यूईएफआय चालू करायचं. पण आपल्याकडच्या जुन्या असेंबल्ड मशीनवर सी, डी, ई, एफ असे ड्राइव्ह पाडायची हौस होती, आणि त्यातले डी-ई बहुतेकदा 'लॉजिकल' विभाग असतात. ते असताना हे साधन काम करायला नकार देतं. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला यूईएफआय आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. मशीनमध्ये टीपीएमच नसेल तर केवळ हौसेखातर तक्ता बदलण्याचा खटाटोप कशाला? चालतंय ते चालू द्यावं.

४. विंडोज मारताना एकच डिस्क जोडलेली ठेवा

या यादीतला एकच धडा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा.

एका कर सल्लागारांच्या ऑफिसातलं मशीन आलं होतं. नव्या एसएसडीवर विंडोज, टॅली, सगळं व्यवस्थित चालू होतं. जुनी हार्डडिस्क करकर आवाज करायला लागली म्हणून त्यांच्या पोराने ती काढून टाकली, तर मशीन सुरूच होईना. साहेब वैतागून म्हणाले, "अहो, विंडोज नवीवर आहे. जुनी काढली तर नवीने का रुसावं?"

कारण साधं आहे. विंडोज मारताना दोन्ही डिस्का जोडलेल्या असतील आणि जुनीवर बूटचा विभाग आधीच असेल, तर इन्स्टॉलर नव्या डिस्कवर दुसरा विभाग करण्याचे कष्ट बहुतेकदा घेत नाही. बूटच्या फाइली जुनीवरच टाकतो. संसार नव्या घरात आणि किल्ली जुन्या घराच्या खुंटीला, अशी गत होते. महिनोन्‌महिने कळत नाही, कारण दोन्ही डिस्का शेजारी शेजारी असतात.

उपायासाठी पुन्हा विंडोज मारावं लागत नाही. जुनी डिस्क काढलेलीच ठेवा. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करा आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा. कमांडची काळी खिडकी उघडते. डिस्कपार्टमध्ये जाऊन एसएसडीवर बूटचा छोटा विभाग आहे का पाहा. नसेल तर सी मधून थोडी जागा कमी करून शंभरेक एमबीचा ईएफआय विभाग करा, तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा आणि त्याला एखादं अक्षर द्या. मग बीसीडीबूट ही कमांड. तिला तीन गोष्टी सांगायच्या: विंडोजचं फोल्डर कुठे आहे, बूटच्या फाइली कुठल्या अक्षरावर टाकायच्या, आणि पद्धत यूईएफआय की बायोस. एक खबरदारी घ्या. पेनड्राइव्हवरून आल्यावर ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात. तुमचा सी तिथे डी असू शकतो. आत फोल्डर पाहून खात्री करा, मगच एंटर दाबा.

५. क्लोन करायचं तर अख्खी डिस्क घ्या

बाजारपेठेतल्या एका डीटीपीवाल्यांना नव्याने विंडोज मारणं परवडणारं नव्हतं. जुने श्रीलिपीचे फॉन्ट, कीबोर्डची बसवलेली रचना, कोरलड्रॉच्या पंधरा वर्षांच्या लग्नपत्रिका. "मला होतं तसंच हवंय, फक्त पळायला हवं," त्यांची मागणी. अशा ठिकाणी क्लोन करणं योग्य.

पण क्लोन करणारे पुष्कळ जण फक्त सी ड्राइव्ह उचलतात, कारण डोळ्यांना तेवढाच दिसतो. जीपीटी डिस्कवर त्याच्या आधी सुमारे शंभर एमबीचा ईएफआय विभाग आणि १६ एमबीचा राखीव विभाग असतो, आणि बहुतेकदा नंतर दुरुस्तीचा विभाग. बूट त्या शंभर एमबीतून होतं. तो मागे राहिला की नव्या डिस्कवर विंडोज पूर्ण असूनही ते सुरू करणारं कुणी नसतं. क्लोनझिलासारख्या साधनात पूर्ण डिस्क-ते-डिस्क पर्याय निवडा.

क्लोन संपला की मशीन बंद करा, जुनी डिस्क काढा आणि पहिलं बूट एकट्या एसएसडीवरून होऊ द्या. दोन्हींची ओळखखूण तंतोतंत सारखी असते. दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकू शकतं, आणि आपण नव्या डिस्कवर काम करतोय असं समजून जुनीवर करत बसतो.

जुनी हार्डडिस्क आधीच आचके देत असेल तर क्लोन मध्येच थांबतो. त्यावर 'चेक डिस्क' चालवण्याचा मोह टाळा. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो ताण शेवटचा ठरू शकतो. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवला तर तो आधी धड भाग वाचून घेतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो.

६. बिटलॉकर आहे का, हे आधी विचारा

नव्या लॅपटॉपांवर हा प्रश्न सगळ्यात आधी. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला पत्ताही नसतो. मग बायोसमधलं एखादं सेटिंग बदललं की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुतेकदा त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. पण लॅपटॉप घेताना पुतण्याने कुठल्या ईमेलने साइन इन केलं होतं, हे शोधण्यात सगळ्या घराचा दिवस जातो. की मिळाली नाही तर डेटा गेला. कुठल्याही दुकानदाराकडे त्यावर तोडगा नाही. क्लोन करण्याआधी की कागदावर लिहा, सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा, ते पूर्ण उतरेपर्यंत थांबा आणि मग पुढे जा.

७. साटा मोड उगाच बदलू नका

चौथ्या टप्प्यावरची ती निळी स्क्रीन बहुतेकदा इथून येते. बायोसमध्ये डिस्क चालवण्याचे प्रकार असतात: एएचसीआय, रेड, आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी. विंडोज ज्या प्रकारात मारलं त्याच प्रकारचा ड्रायव्हर सुरुवातीला उचलतं. मध्येच प्रकार बदलला की ते आपल्याच डिस्कला ओळखत नाही. पहिला उपाय म्हणजे सेटिंग होतं तिथे नेऊन ठेवणं. खरंच बदलायचं असेल तर आधी विंडोजमध्ये 'सेफ बूट'वर खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये प्रकार बदला, एकदा सेफ मोडमध्ये जाऊ द्या आणि मग ती खूण काढा.

याउलट, व्हीएमडी असलेल्या लॅपटॉपवर नव्याने विंडोज मारताना यादीत एकही डिस्क दिसत नाही आणि माणूस एसएसडी परत करायला निघतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर टाका आणि 'लोड ड्रायव्हर'मधून तो दाखवा. डिस्क यादीत येते.

८. पेनड्राइव्ह कुठल्या नावाने निवडलात?

बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह बरेचदा दोनदा दिसतो: एकदा साध्या नावाने, एकदा पुढे 'यूईएफआय' लावून. ज्या नावाने शिराल त्या पद्धतीचं विंडोज बसेल. साध्या नावाने शिरलात आणि डिस्क जीपीटी असेल, तर 'या डिस्कवर विंडोज टाकता येत नाही' असा नकार येतो. लोक लगेच डिस्कपार्टमधली 'क्लीन' कमांड मारतात. ती कमांड कसलीही विचारपूस न करता अख्ख्या डिस्कचा तक्ता पुसते. डिस्कचा क्रमांक शून्याऐवजी एक पडला तर लग्नाच्या फोटोंची डिस्क साफ. नकार आला की आधी बाहेर पडा आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या नावाने निवडून पाहा.

विंडोज मारून झालं की प्रॉडक्ट की विकत घ्या असं कुणी सांगितलं तर घाई करू नका. विंडोज १० आणि ११ चा डिजिटल परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असतो. पूर्वीचीच आवृत्ती टाकली, तर प्रॉडक्ट की न भरता पुढे गेलात तरी नेट जोडल्यावर ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं.

९. रोज सकाळी बंद पडणाऱ्या मशीनची बॅटरी तपासा

एका सेवा केंद्रातलं मशीन दिवसभर उत्तम चालायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी 'नो बूटेबल डिव्हाइस'. एसएसडी बदलून झाली, केबल बदलून झाली. केंद्र बंद करताना तिथली ताई मेन स्विच बंद करून जायची, हे बोलता बोलता कळलं. बायोसची सेटिंग राखणारी सीआर२०३२ ही तीन व्होल्टची बटणासारखी बॅटरी संपलेली होती. वीज असेपर्यंत सेटिंग टिकायची. रात्री वीज गेली की बायोस कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर परतायचं आणि जुन्या पद्धतीची डिस्क त्याला चालायची नाही. खूण सोपी आहे: घड्याळातली तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली दिसते. ही बॅटरी घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळते.

१०. जुनी डिस्क लगेच फॉरमॅट मारू नका

लॅपटॉपच्या डीव्हीडीच्या जागी कॅडी बसवून जुनी हार्डडिस्क तिथे ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, मापून घ्या. पण पहिले काही आठवडे ती डिस्क आहे तशी, तारखेची चिठ्ठी लावून कपाटात राहू द्या. नव्या डिस्कवर चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा कमी असते, कारण ट्रिममुळे एसएसडी रिकाम्या जागा आतून साफ करत राहते. हार्डडिस्कवर डेटा काढून देणारी साधनं इथे बरेचदा फक्त फाइलींची नावं दाखवतात.

११. काम झालं असं कधी म्हणायचं?

विंडोजचा डेस्कटॉप दिसला म्हणजे काम झालं, असं मी समजत नाही. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन करायचं, म्हणजे फास्ट स्टार्टअपला वगळून मशीन खरोखर बंद होतं. जुनी डिस्क मशीनच्या बाहेर. पेनड्राइव्ह बाहेर. भिंतीवरचा स्विच बंद करून चहा प्यायचा. मग चालू करायचं: बायोसमध्ये डिस्कचं नाव, घड्याळात आजची तारीख, आणि मधे कुठेही न थांबता विंडोज. एवढं जमलं तर चारही टप्पे एकट्या एसएसडीच्या बळावर पार पडले. मगच झाकणाचे स्क्रू लावायचे आणि गिऱ्हाइकाला फोन करायचा.